दोन वर्षांचा अनुभव, किंमत ऐंशी हजार

ताई, मी चोवीस वर्षांचा आहे. गाव बार्शी. पुण्याजवळच्या एका कॉलेजातून २०२४ मध्ये मेकॅनिकलला बीई झालो, त्याला आता दीड वर्ष होईल. कॅम्पसला आमच्या शाखेसाठी दोनच कंपन्या आल्या, दोन्ही सेल्ससाठी. सगळे म्हणाले आयटीकडे वळ, म्हणून ४५ हजार भरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला. क्लासवाल्यांनी शंभर टक्के प्लेसमेंट सांगितलं होतं. दोन इंटरव्ह्यू लावून दिले आणि मग फोन उचलणं बंद. आत्तापर्यंत चारशेच्या वर अर्ज केलेत. जिथे तिथे 'एक ते दोन वर्षं अनुभव हवा'. मध्ये भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला साडेचौदा हजारांची नोकरी मिळत होती, ती मी नाकारली. बीई होऊन मापं घ्यायचं व्हर्नियरच धरायचं तर डिप्लोमावाल्यात आणि माझ्यात फरक काय, असं वाटलं. आता क्लासच्या ओळखीतला एकजण ८० हजारांत दोन वर्षांचं एक्स्पिरिअन्स लेटर, पगाराच्या स्लिपा, पीएफ, सगळं करून देतो म्हणतोय. माझ्या रूमवरच्या दोघांनी हेच केलं आणि एकजण हिंजवडीत लागलाही. वडील आडत दुकानात हिशेब लिहितात. ते आईचं गंठण गहाण ठेवून पैसे पाठवायला तयार आहेत. त्यांना मी 'कोर्सची पुढची फी' असं सांगितलंय. आई नातेवाइकांना सांगते, पोरगा पुण्यात कंपनीत आहे. महिनाअखेरीला पैसे द्यायचेत. करू का?
– एक वाचक, कर्वेनगर

पैसे देऊ नकोस. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण महिनाअखेर जवळ आली आहे. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल.

मी बावीस वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत भरतीचं काम पाहिलं. त्यामुळे तुझ्यापुढे जो व्यवहार आलाय त्याची दुसरी बाजू, म्हणजे ते कागद ज्यांच्या टेबलावर येतात त्यांची बाजू, मला माहीत आहे. आधी साधा हिशेब करू. तू पास होऊन दीड वर्ष झालं. दोन वर्षांचा अनुभव दाखवायचा तर त्यातले सहा महिने तू कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतास. तुझी गुणपत्रिका आणि ते लेटर एकाच फाइलमध्ये जाणार आहेत. ऐंशी हजार घेणाऱ्या माणसाने एवढंही मोजलेलं नाही.

आता पीएफचं. तो म्हणतो पीएफ करून देतो. पीएफ असलेल्या प्रत्येक नोकरदाराचा एक यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक असतो, तो आधारशी जोडलेला असतो. कुठल्या कंपनीत कधी लागलास, कधी सोडलंस हे त्यात नोंदलेलं असतं. कुणी मागच्या महिन्यांचे पैसे आज भरले तर ते आज भरले हे पासबुकात दिसतं. आणि पगाराच्या स्लिपा कितीही छान छापल्या तरी बँकेच्या खात्यात मागच्या तारखेला पगार जमा करणं कुणालाच जमत नाही. कंपन्या बँक स्टेटमेंट मागतात ते याचसाठी. पुढे हे सगळं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणाऱ्या संस्थेकडे जातं. त्यांचा माणूस लेटरवरच्या पत्त्यावर प्रत्यक्ष जाऊन येतो.

आमच्याकडे क्वालिटीत असाच एक मुलगा घेतला होता. हुशार होता, ड्रॉइंग वाचायचा, लाइनवरच्या बायकांशी अदबीने बोलायचा, नाइट शिफ्टला कधी नाही म्हणाला नाही. पाचव्या महिन्यात त्याचा अहवाल आला. ज्या कंपनीचं लेटर होतं तिच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. मी स्वतः त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्याने एकदाही खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, नुसता मान खाली घालून बसला. नियमाप्रमाणे त्याच दिवशी त्याचं कार्ड जमा करून घ्यावं लागलं आणि मी त्याच्याबरोबर गेटपर्यंत चालत गेले. माझ्या मनातून ती संध्याकाळ जात नाही, कारण ज्या महिन्यात आम्ही त्याला अनुभवी म्हणून घेतलं त्याच महिन्यात ट्रेनीच्या दोन जागा रिकाम्या होत्या. खरं लिहिलं असतं तर तो त्यातल्या एकीवर लागला असता, आणि त्याच्या हुशारीवर दोन वर्षांत इंजिनीअर झाला असता.

खोटा कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हाही आहे. बहुतेक कंपन्या पोलिसांत जात नाहीत, काढून टाकतात आणि गप्प बसतात. पण ती भीती तू दर नोकरी बदलताना बाळगशील, कारण पहिल्या दोन वर्षांचं लेटर पुढच्या प्रत्येक कंपनीत पुन्हा द्यावं लागतं. तुझ्या रूमवरच्या मित्राचं आज बरं चाललंय, त्याचं वाईट व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. तरी तू लिहिलंस 'दोघांनी केलं' आणि पुढे लिहिलंस 'एकजण लागला'. दुसऱ्याचं काय झालं? आज रात्री त्याला विचार.

आणखी एक गोष्ट, जी तुला तो माणूस सांगणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने साधारण १२ हजार लोक कमी करत असल्याचं जाहीर केलं, आणि ते बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतले. इतर ठिकाणीही खरा अनुभव असलेली माणसं नोकरी शोधत फिरताहेत. तू फ्रेशर म्हणून उभा राहिलास तर तुझी तुलना फ्रेशरशी होते. खोटी दोन वर्षं लावून उभा राहिलास तर ज्यांनी खरंच दोन-चार वर्षं टेस्टिंग केलंय त्यांच्या रांगेत उभा राहशील. पहिल्या तांत्रिक प्रश्नाला ते कळतं. म्हणजे ऐंशी हजार देऊन तू स्वतःसाठी जास्त अवघड रांग विकत घेणार आहेस.

'एक ते दोन वर्षं अनुभव' ही ओळ तुला चारशे वेळा दिसली. ती ओळ मी स्वतः कित्येक जाहिरातींत लिहिली आहे, ज्या कामाला अनुभवाची काडीची गरज नव्हती अशा कामांसाठीसुद्धा. का लिहायचो ते सांगते. ट्रेनीची जाहिरात टाकली की दोन दिवसांत हजाराच्या घरात अर्ज यायचे आणि ते पाहायला आम्ही दोघी. अनुभवाची अट टाकली की ढीग निम्म्यावर. दुसरं कारण असं की नवीन मुलाला शिकवायचं म्हणजे सुपरवायझरचे सहा महिने जातात, आणि शिकून तयार झालेला मुलगा दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या गाळ्यात जातो. ते नुकसान सोसायची मालकाची तयारी नसते. हे तुमच्या पिढीवर अन्यायाचं होतं आणि आजही आहे. मी त्यात होते, म्हणून हे मला लिहायलाच हवं.

पण त्या चाळणीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेव. ती पोर्टलवरून येणाऱ्या अर्जांसाठी असते. आमच्याकडे ट्रेनी म्हणून लागलेली बहुतेक मुलं त्या चाळणीतून आलीच नव्हती. कुणी सप्लायरच्या ओळखीने आला, कुणाला आमच्याच टूलरूममधल्या माणसाने आणलं, कुणी गेटवर बायोडेटा देऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. चारशे अर्ज तू एकाच दारावर केलेस. ते दार अरुंद आहे. तू नालायक आहेस असा त्याचा अर्थ होत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्थेचा भारतातल्या रोजगारावरचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यात २०२२ सालचा आकडा आहे: पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्या तरुणांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात ३.४ टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ कागद हातात धरून बसले होते. न शिकलेल्या मुलाला घरी बसणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो. शिकलेला मुलगा थांबतो, कारण घरच्यांनी गंठण गहाण ठेवून त्याला थांबायची सोय केलेली असते. आणि ज्या पॅकेजसाठी तो थांबतो ते आयटीतलं तीन-साडेतीन लाखांचं पॅकेज दहा वर्षांपूर्वीही एवढंच होतं. तेव्हा कॉट बेसिसवर किती पडायचे आणि डब्याला किती, हे कर्वेनगरातल्या कुठल्याही जुन्या मेसवाल्या काकूंना विचार.

म्हणून मला भोसरीबद्दल बोलायचंय. 'व्हर्नियरच धरायचं तर फरक काय' हे वाक्य मी अनेक बीई मुलांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी मला त्याचा त्रास झालाय, कारण कॉलेजात कुणीतरी तुम्हाला हे शिकवलेलं असतं. फरक पहिल्या दिवशी नसतोच. तुझ्या हातात व्हर्नियर असेल, डिप्लोमावाल्याच्याही असेल, आणि त्याचा हात तुझ्यापेक्षा साफ असेल. सकाळी फर्स्ट पीस तपासायचा, ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सशी ताडायचा, रिपोर्टवर सही करायची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एखादा बोअर, म्हणजे भागातलं भोक, सारखा ओव्हरसाइज यायला लागेल आणि ऑपरेटर, सेटर, सुपरवायझर एकमेकांकडे बोट दाखवतील. तेव्हा रीडिंगा मांडून, कुठल्या शिफ्टला, कुठल्या टूलवर, किती नगांनंतर माप सरकतंय हे शोधणं, हे तुझ्या चार वर्षांच्या शिक्षणाचं काम. ते तू केलंस की मालक तुला नावाने ओळखायला लागतो. मग कस्टमरचे लोक ऑडिटला आले की तुला पुढे उभं करतात, कंट्रोल प्लॅन तुझ्याकडे येतो, पीपॅपच्या, म्हणजे नवीन भागाला कस्टमरची मंजुरी घ्यायच्या फायली तुझ्याकडे येतात. वाहन कंपन्यांमध्ये सप्लायर क्वालिटी पाहणारे किती तरी इंजिनीअर अशाच एखाद्या गाळ्यातून वर आलेले मी पाहिलेत. चाकणच्या मोठ्या कंपनीत जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी म्हणून लागलेल्या मुलाला मशीनला हात लावायला कधी कधी वर्ष जातं. छोट्या शॉपमध्ये दुसऱ्या आठवड्यात लावावा लागतो, कारण माणसंच कमी असतात.

टेस्टिंगचे ४५ हजार पूर्ण वाया गेले असंही समजू नकोस. तपासायचं काय, कशाने, किती वेळा, आणि चुकलं तर कुणाला सांगायचं, हा विचार दोन्हीकडे एकच आहे. गाड्यांमध्ये आता सॉफ्टवेअर भरपूर आलंय आणि ते तपासणारं काम पुण्यातच चालतं. दोन-तीन वर्षं सुट्या भागांची क्वालिटी केलेला आणि टेस्टिंगची भाषा समजणारा मुलगा तिकडे गेला तर तो सांगण्यासारखं काहीतरी घेऊन जातो.

ती जागा अजून असेलच असं नाही. तरी फोन कर. तेव्हा इंटरव्ह्यू घेतलेल्या साहेबांना सरळ सांग, 'सर, मी त्या वेळी नाही म्हणालो, ती माझी चूक झाली. जागा असेल तर यायला तयार आहे, नसेल तर कुठे असेल ते सांगा.' छोट्या शॉपचे मालक एकमेकांना ओळखतात. भोसरी एमआयडीसीत एस ब्लॉकमधल्याला माणूस नको असेल तर जे ब्लॉकमधल्याला हवा असतो.

हो म्हणण्याआधी मात्र पाच गोष्टी पक्क्या कर. ऑफर लेटर त्यांच्या लेटरहेडवर हवं. पगार कंपनी स्वतः देणार की ठेकेदार, हे विचार. पीएफ कापणार का तेही विचार. वीस किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याने तो लागू होतो. साडेचौदा हजारांतून पीएफ गेला तर हातात कमी येईल, पण तुझ्या यूएएनवर पहिली खरी तारीख पडेल, आणि जी गोष्ट तू ऐंशी हजार देऊन घेणार होतास ती हीच. गुणपत्रिकेची मूळ प्रत कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस. बाँडवर सही घेत असतील तर रक्कम वाच, आणि महिन्याच्या पगाराच्या मानाने ती भलतीच मोठी असेल तर सही न करता मला लिही.

भोसरीचं नाहीच जमलं, तर शिकाऊ उमेदवारीचा रस्ता आहे. बीई मुलांना तो डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांचा वाटतो, पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात पदवीधरही बसतात. ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं आहेत तिला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पदवीधराचं किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांत महिना ९ हजार ठरलं, आणि नॅट्स या केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत त्या किमान रकमेचा निम्मा भाग सरकार देतं. म्हणजे कंपनीला तू स्वस्तात पडतोस, तरीही मोठ्या कंपनीचं दार तुला उघडतं. शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. ते खरं असतं आणि कुठल्याही पडताळणीत टिकतं. नॅट्सच्या पोर्टलवर नाव नोंदव. मग भोसरी, चाकण, रांजणगाव, तळेगाव इथल्या कंपन्यांत एचआरला भेटून 'ग्रॅज्युएट अप्रेंटिस घेता का' एवढाच प्रश्न विचार. 'व्हेकन्सी आहे का' या प्रश्नाला गेटवरच 'नाही' येतं. या प्रश्नाला निदान आत फोन लागतो.

बायोडेट्यावर फार बोलत नाही. एक पान. टेस्टिंगचा आणि क्वालिटीचा वेगळा कर. 'हार्डवर्किंग' वगैरे काढून टाक आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तुझ्या हाताने काय केलंस ते दोन ओळींत लिही. दीड वर्ष काय केलं असं विचारलं तर अर्ध्या मिनिटात खरं सांग: आयटीकडे वळायचा प्रयत्न केला, कोर्स केला, जमलं नाही, आता माझ्या शाखेत काम शिकायचंय. हे ऐकून मी कुणालाही बाहेर पाठवलेलं नाही. आढेवेढे घेणाऱ्याला पाठवलंय.

क्लासचं राहिलं. शंभर टक्के प्लेसमेंटची जाहिरात, पावत्या, व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेव. नोकरीची खोटी हमी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे तक्रार नोंदव. पैसे परत येतीलच असा शब्द मी देत नाही, पण तक्रार करायचीच.

आणि आता वडील. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ गंठणाची नाही, 'कोर्सची पुढची फी' ही आहे. बाकी सगळं तुझ्यावर ओढवलं, हे मात्र तू स्वतः बोललास. तुझे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब लिहीत आलेत. आडतीत हिशेब लिहिणाऱ्या माणसाची सगळी पत त्याच्या वहीवर असते. त्या माणसाला, मी पोराला खोटे कागद घ्यायला पैसे दिले, हे दोन वर्षांनी कुणा तिसऱ्याकडून कळलं तर काय वाटेल याचा विचार कर. मग आज रात्री, जेवणं झाल्यावर, आई शेजारी असेल अशा वेळी फोन लाव. दीड वर्षाचं सगळं सांग. चारशे अर्ज सांग, भोसरीची नोकरी नाकारल्याचं सांग, या माणसाचं सांग. ओरडतील. कदाचित बोलणारच नाहीत, फोन आईकडे देतील. तेही चालेल. गंठण घरात राहील. आईला म्हण, नातेवाइकांना आणखी थोडे दिवस काहीच सांगू नको.

राहायचं म्हणशील तर नोकरी पक्की झाली की कर्वेनगर सोड. भोसरी-मोशीकडे कॉट मिळते, आणि रोजचे जायचे-यायचे दोन-तीन तास वाचतात. तोवर गरवारेहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला गाडी बदल आणि नाशिक फाट्याला उतर, पुढे बस आहे. बायोडेट्याच्या वीस प्रती काढून घे, सकाळी दहाच्या आत पोच. गुरुवारी जाऊ नकोस, त्या दिवशी भोसरीत बहुतेक कारखान्यांना सुट्टी असते.